मधल्या कडव्याचा नमुना

माझी मुलगी चहा गाळता गाळता "तुझ्या नावाचं विष मी घोट घोट पिईन" असं गुणगुणली, तेव्हा माझ्या हातातला पेपर खाली पडला. पडला म्हणजे मीच सोडला, पण तो पडावा असंच ते वाक्य होतं. सोळा वर्षांची मुलगी, समोर बाप, हातात गाळणं आणि तोंडी विष. वर मान हलवत, टाचेनं ठेका धरत.

मी अन्ननमुने तपासणाऱ्या कार्यालयात नोंदवही सांभाळतो. मीठ, मध, चहापूड, पीठ, बाजारात ज्या कशाचा संशय येईल त्याचा नमुना माझ्या टेबलावरून पुढे जातो. मी त्याला क्रमांक देतो, चिठ्ठी डकवतो, लाखेची मोहोर उठवतो आणि वहीत सात रकाने भरतो. चोवीस वर्षांत एकही नमुना दुसऱ्याच्या नावावर गेलेला नाही. त्यामुळे विष हा शब्द मला नवा नाही. पण आजवर तो माझ्याकडे बाटलीतून, सीलबंद आलेला होता. चालीत बसून कधी आला नव्हता.

"ऐकलंस का, काय म्हणतेय ती?" मी बायकोला विचारलं.

"अहो, गाणं आहे ते."

"म्हणजे विष पिणार नाही?"

"चहा पिणार आहे. तुम्हालाही देतेय. घ्या."

इथे मी गप्प बसलो असतो तर ही हकीकत घडली नसती. पण मी जिना उतरलो आणि तळमजल्याच्या काकांना ते वाक्य म्हणून दाखवलं. काकांना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती जिन्याला सांगण्यासारखं असतं. दुपारपर्यंत ते विष चौथ्या मजल्यावर पोचलं होतं, आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा एकेक घोट वाढला होता.

काकांचा या विषयावर आधीच अभ्यास होता. त्यांनी म्हणे एका कुंडीतल्या झाडाला आठवडाभर हल्लीची गाणी ऐकवली. झाड मान टाकून गेलं.

"पाणी घालत होता ना, काका?"

"पाणी घातलं तर कळणार कसं, की गाण्यानं गेलं का पाण्यानं?" काका म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहतात. त्यांनी पस्तीस वर्षं मुलं हाताखालून घातलेली असल्यामुळे त्यांना मुलांविषयी काडीचंही कुतूहल उरलेलं नाही, खात्री तेवढी उरली आहे. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला एका वाक्यात सांगते," आणि चाळीस मिनिटं सांगितलं. सारांश असा की ठेका आधी कानात शिरतो, मग अभ्यासात, मग वागण्यात, आणि तिथून तो बाहेर काढणं शिक्षण खात्याच्याही हातात राहत नाही.

आता या सगळ्यात खरा पेच कुठे होता ते सांगतो. आमच्या इमारतीच्या खाली पाण्याच्या पंपाशेजारी एक रिकामी खोली आहे. माझी मुलगी आणि तिच्या वर्गातल्या तिघी तिथे रोज संध्याकाळी गाण्याची तालीम करतात. शाळाशाळांची गाण्यांची स्पर्धा अठरा दिवसांवर आली होती. चौघींनी त्यासाठी वर्षभर घसा आणि गिटार दोन्ही झिजवली होती. आणि बाईंनी त्याच दिवशी, माझ्या तोंडचं विष पुरावा म्हणून जोडून, समितीकडे लेखी तक्रार केली की ती खोली बंद करावी.

रविवारी समिती बसली. आमचे अध्यक्ष हे अध्यक्ष होण्यासाठीच जन्मलेले गृहस्थ आहेत. घरी एकटे बसलेले असतानाही ते खुर्चीच्या मधोमध बसतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तपासणी खात्यातले. शिवाय मुलीचे वडील. म्हणजे दोन्ही बाजू तुमच्यात आल्या. तुम्हीच शास्त्रशुद्ध तपास करून अहवाल द्या, की या गाण्यांनी मुलांचं नुकसान होतं किंवा कसं. तोवर खोलीला कुलूप."

समितीतल्या पाच जणांपैकी, मी धरून, चौघांनी होकार दिला. पाचवी माझी बायको. ती म्हणाली, "तपास करा, पण कुलूप कशाला?" अध्यक्ष म्हणाले, "कुलपाशिवाय तपासाला गांभीर्य येत नाही." मला ते पटलं. मला काय माहीत की घरी काय वाढून ठेवलंय.

एरवी मला "बाबा, तू" म्हणणारी मुलगी त्या संध्याकाळपासून "तुम्ही" म्हणू लागली. "आई, त्यांना सांग, दार लावून घ्या म्हणावं." पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात आदरार्थी बहुवचन मिळणं काय असतं, ते ज्याला मिळालं त्यालाच कळेल. मी तिच्या मोबाईलमधली चार गाणी नमुना म्हणून मागितली, तर तिनं मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, "पावती द्या. नमुना घेतला की मालकाला पावती द्यायची असते, तुम्हीच जेवताना सांगता."

मी पावती दिली. नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कानात मोबाईलची बोंडं घालून, मी कार्यालयातच गाणी उतरवायला बसलो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. हल्लीचे गायक पुढची ओळ आधीच्या ओळीच्या अंगावर ढकलतात. एकेक वाक्य सातसातदा ऐकून मी लिहीत होतो. वहीचे रकाने मला सुटेनात, म्हणून एका जुन्या छापील तक्त्यावरच लिहिलं. नमुना, रंग, वास, दृश्य भेसळ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात उतरवलं: "तू गेलीस तर मी समुद्रात चालत जाईन. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे."

सुट्टी संपली. मी तक्ता टेबलावरच्या ढिगात ठेवला. तो ढीग मधाच्या बाटल्यांचा होता. म्हणजे कागदांचा, पण मधाच्या.

चार वाजता कार्यालयप्रमुख मॅडमनी बोलावलं. मी आत गेलो. त्या उठल्या, त्यांनी दार लावलं आणि म्हणाल्या, "बसा."

चोवीस वर्षांत मला त्या खोलीत कुणी बसा म्हटलेलं नाही. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो. मॅडमनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग माझ्या अक्षरातला तक्ता सरकवला.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो, मॅडम."

"ती कोण?"

"कोण, मॅडम?"

"जी गेली."

"कुणी गेलेलं नाही मॅडम. हे माझ्या मुलीचं आहे."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "तुमच्या मुलीला असं कोण लिहितंय?"

"लिहिलंय मी. पण म्हणणारा दुसरा आहे. मी फक्त नमुना घेतलाय."

"कुणाच्या आदेशावरून?"

"आमच्या इमारतीच्या अध्यक्षांच्या."

मॅडमनी पेला आणखी जवळ सरकवला. मग फार मृदू आवाजात म्हणाल्या की मी चार दिवस विश्रांती घ्यावी. ती मी नाकारली, तेव्हा कमी मृदू आवाजात म्हणाल्या की मी खुलासा द्यावा. संध्याकाळी माझ्या हातात लेखी समज पडली: "कार्यालयीन वेळेत वैयक्तिक भावना शेऱ्याच्या रकान्यात मांडू नयेत." चोवीस वर्षांची कोरी सेवापुस्तिका, आणि तिच्यावर पहिला डाग कसला, तर समुद्राचा. बाहेर आलो तर टायपिस्टताई उठून आल्या, माझ्या खांद्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कुणाशी तरी बोलत जा हो." आणि त्या दिवशी कार्यालयातल्या कुणीही मला काम दिलं नाही. इतकी सहानुभूती मी याआधी फक्त वरच्या जागेवर बदली झालेल्यांनाच मिळताना पाहिली होती.

यातून मला सोडवलं तराजूकाकांनी. आमचे सर्वांत जुने रसायनतज्ज्ञ. शब्दसुद्धा तोलून टाकतात म्हणून हे नाव पडलं. त्यांनी मॅडमना समजावलं, मग माझ्याकडचा तक्ता वाचला आणि विचारलं,

"पोत्याच्या वरचा घेतलास का मधला?"

पिठाच्या पोत्याचा नमुना वरून घ्यायचा नसतो, हे आमच्या खात्यातलं मुळाक्षर. दुकानदार चांगला माल वर पसरतो. म्हणून पोकळ सळई पोत्याच्या थेट मध्यात खुपसायची आणि तिथलं काय निघेल ते तपासायचं.

"गाण्याचं तेच आहे," तराजूकाका म्हणाले. "धृपद म्हणजे वरचा थर. गिऱ्हाइकाच्या हातावर तेच घालतात. तू मधलं कडवं घे. आणि तुलनेला काय ठेवलंयस?"

"तुलनेला?"

"शुद्ध माल शेजारी नसेल तर हा भेसळीचा कशावरून म्हणणार? तुमच्या सोळाव्या वर्षी तुम्ही जी गाणी ऐकत होता ती घे. समितीतल्या प्रत्येकाकडून एक. पाच जुनी, पाच नवी. नावं काढून क्रमांक घालायचे, कुणालाच कळता कामा नये कुठलं कुणाचं. आणि हे तुझं काम नव्हे. तू बाप आहेस. बापानं क्रमांक घालायचे नाहीत. ते मी घालीन."

मला आनंद झाला. हा अहवाल कुठल्याही न्यायालयात टिकला असता. मी उतरवलेली चारही गाणी त्यांनी बाद केली. टायपिस्टताईंनी मुलीचा मोबाईल घेतला आणि यादीतलं दर दहावं गाणं उचललं, अशी चार. पाचव्यासाठी मुलीनं स्वतःच एक घडी केलेला कागद दिला. "हे कुठे मिळणार नाही. शब्द मीच लिहिलेत. वाचू नका," ती म्हणाली. मी वाचला नाही. बापानं नमुना वाचायचा नाही, हा नवा नियम मला चांगलाच लागला होता.

जुन्या गाण्यांसाठी मी घरोघर गेलो. काय सांगू, लोकांचे चेहरे उजळले. अध्यक्षांनी डोळे मिटून आपल्या गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि म्हणाले, "याला म्हणतात शब्द. सात्त्विक." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी गाणं ऐकून माणूस सुधारायचा." काकांनी दोन नावं दिली, मग एक परत घेतलं, मग परत घेतलेलं दिलं. बायकोनं एका क्षणात नाव सांगितलं आणि भाजी चिरायला लागली. माझं तर ठरलेलंच होतं. "दिवा लावून बसलो मी, तू येशील म्हणून." लग्नाआधी हिला मी ते कॅसेटवर भरून दिलं होतं. दोन्ही बाजूंना तेच. तीस वर्षं मी ते आंघोळ करताना म्हणतो. पहिल्या ओळीनंतर ला ला ला आहे, आणि मग पुन्हा पहिली ओळ.

स्पर्धेला सहा दिवस उरले असताना, रविवारी सकाळी, समिती अध्यक्षांच्या दिवाणखान्यात बसली. टायपिस्टताईंनी दहाही कडवी एकाच ठशात, एकाच मापाच्या कागदांवर उतरवली होती. क्रमांकांची यादी तराजूकाकांनी लाखेनं बंद केलेल्या पाकिटात दिली होती. पाकीट टेबलाच्या मधोमध. कोपऱ्यातल्या स्टुलावर माझी मुलगी, चौघींच्या वतीनं. कामकाजाची वही माझ्या हातात. प्रत्येकानं दर नमुन्याला दहापैकी घातकतेचे गुण द्यायचे होते.

"आधी ठराव करून टाकू," मी म्हणालो. निकाल हाती आल्यावर नियम करणं आमच्या खात्यात चालत नाही. "सर्वांत घातक नमुना मुलांच्या गाण्यातला निघाला, तर खोली कायमची बंद."

"आणि नाही निघाला तर?" स्टुलावरून आवाज आला.

अध्यक्ष हसले. "तर किल्ली तुम्हाला. कायमची. लिहा हो, लिहा."

मी लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या.

अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली. ते कुठलाही मजकूर पाणी कपातीची सूचना वाचावी तसाच वाचतात, त्यामुळे चालीचा गंधही उरत नव्हता. पहिल्या नमुन्यात एक मुलगा रात्रभर नाचायचं म्हणत होता. चार गुण. दुसऱ्यात कुणी घरापासून लांब राहणारी मुलगी म्हणत होती, "आई, दमलीस तर फोन करू नकोस, नुसता वाजवून ठेव. मला कळेल तू जागी आहेस." बाईंनी चष्मा काढून पुसला.

"शून्य," त्या म्हणाल्या. "हे आपल्या काळचं. बघा, किती कमी शब्दांत सांगितलंय."

"तेव्हा माणसंच कमी बोलायची," काका म्हणाले. खुद्द काका हे वाक्य बोलले, हे मी वहीत घेतलं नाही.

मग मात्र गाडी घसरली. चौथ्या नमुन्यात एक इसम एका मुलीला सांगत होता की तू नाही म्हणालीस तरी मी ऐकणार नाही, तुझ्या वाटेवर उभा राहीन, तुझ्या भावानं मारलं तरी उद्या परत येईन. अध्यक्ष वाचता वाचता थांबले. "हे पोलिसांत द्यायचं प्रकरण आहे," ते म्हणाले आणि स्वतः नऊ गुण दिले. सातव्या नमुन्यातली बाई नवऱ्याला कंटाळून पेल्यामागून पेले रिचवत होती आणि पेल्यालाच नवरा म्हणत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी पदराआड तोंड लपवलं. "आणि हे कोवळी पोरं ऐकतात," त्या म्हणाल्या. आठ गुण. आठव्यात कुणी बापाच्या तोंडावर दार आपटून पळून जात होतं. काका म्हणाले, "माझी कुंडी उगाच नाही मेली."

मी मुलीकडे पाहिलं. ती पाकिटाकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता, हे खरं. एवढं सगळं आपल्याच मोबाईलमधून निघालंय की काय, अशी शंका तिलाही आली असावी. मला वाईट वाटलं, पण तपास हा तपास असतो.

अध्यक्षांनी नववा कागद उचलला.

"'दुसऱ्याकडे बघशील तर घर तुझं पेटवीन, आणि त्याच उजेडात तुझं तोंड शेवटचं बघीन. माझी नाही झालीस तर कुणाचीच होणार नाहीस, राखेलासुद्धा मीच घेऊन जाईन.'"

काकांनी हळूच आपल्या खिशातली काडेपेटी काढून टेबलापासून लांब ठेवली.

मी उभा राहिलो. बैठकीत मी कधी उभा राहत नाही. "हा मुलगा," मी म्हणालो, "मोकळा फिरता कामा नये. जिला हे ऐकवलं असेल त्या मुलीच्या आईबापांनी ताबडतोब दार लावून घ्यायला हवं होतं. दहा गुण. अकरा असते तर अकरा दिले असते."

अध्यक्ष दहा. बाई दहा. काका दहा. माझ्या बायकोनं कागद स्वतःच्या हातात घेतला, शांतपणे पुन्हा वाचला आणि म्हणाली, "दहा."

एकमतानं ठरलेला तो एकच नमुना. दहावा कुणी नीट ऐकलासुद्धा नाही. मी बेरजा केल्या, नऊ क्रमांकाखाली दोन रेघा मारल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग मी पाकीट उचललं, मोहोर अभंग असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि लाख फोडली. आत घडी केलेली लांब यादी होती. मी बोटानं नववी ओळ शोधली आणि खणखणीत आवाजात वाचली.

"नमुना क्रमांक नऊ. 'दिवा लावून बसलो मी.' देणारे..."

इथे मी अडकलो. उरलेलं अध्यक्षांनी माझ्या हातावरून वाकून, पाणी कपातीच्या सुरात वाचलं. "देणारे, कार्यालयातील नोंदवही सांभाळणारे."

मी तीस वर्षं ते गाणं म्हणतोय. मी आयुष्यात शेजाऱ्याचा नळसुद्धा जोरात बंद केलेला नाही. दिवा लावून बसणारा तो माणूस दिवा कशासाठी लावून बसला होता, हे मला त्या दिवशी कळलं. माझे कान तापले, मान तापली, मग सगळाच मी तापलो. "वरचा थर चांगला होता," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

काका माझ्याकडे असे बघत होते, जणू इतकी वर्षं एक काडेपेटी खालून वर जिना चढते आहे आणि त्यांना पत्ताच नाही.

पण याहून मोठा धक्का पुढे होता. अध्यक्षांचे ओठ हलताना दिसले. डोळे मिटलेले. ते आपलं सात्त्विक गाणं मनात म्हणत होते. पहिली ओळ म्हणताना चेहरा प्रसन्न होता. दुसरी ओळ. मग ते मधल्या कडव्याच्या उंबऱ्यावर पोचले असावेत, कारण त्यांचे डोळे एकदम उघडले. चालीशिवाय जे ओळखू आलं नव्हतं ते चालीबरोबर आपोआप आलं होतं. तिकडे बाईंची बोटं गुडघ्यावर ताल धरता धरता थांबली. काका तर शहाणे. त्यांनी गुणगुणायलाच नकार दिला.

माझ्या हातात यादी होती, उघडी. चौथी ओळ, सातवी ओळ, आठवी ओळ, सगळं त्यात होतं.

"घडी करा ती," अध्यक्ष म्हणाले.

"बाकीचे नमुने वाचायचे राहिलेत," मी म्हणालो.

"गरज नाही. एकंदर चर्चेवरून असं दिसतं," अध्यक्षांनी घसा साफ केला, "की गाण्यांचा माणसावर काहीही परिणाम होत नाही. आपण सगळे याचा जिवंत पुरावा आहोत. लिहा. 'गाण्यांचा मुलांवर कोणताही परिणाम होत नाही, सबब खोली उघडण्यात येत आहे.' हरकत कुणाची?"

"अजिबात नाही," बाई घाईनं म्हणाल्या. "मी एका वाक्यात सांगते, काही होत नाही." आणि खरोखरच एका वाक्यात थांबल्या.

"माझी आहे," स्टुलावरून आवाज आला.

सगळे वळले. अध्यक्षांनी किल्ली खिशातून काढून अर्ध्यावर धरली होती.

"तुला किल्ली नको?" मी विचारलं.

"हवी आहे. सहा दिवस राहिलेत, सात दिवस तुम्ही खाल्लेत. पण असं लिहू नका. काहीच परिणाम होत नाही, तर आम्ही कशाला गातोय? दोन नंबरचं आमचं आहे. आम्ही चौघींनी बसवलंय. स्पर्धेत तेच म्हणणार आहोत. बाईंनी चष्मा पुसला, तो परिणाम नव्हता?"

मी यादीची दुसरी ओळ पाहिली. तिचंच होतं. बापाला न वाचायला सांगितलेला कागद. मी शून्य गुण दिलेलं, आपल्या काळचं ठरलेलं.

बाईंनी चष्मा पुन्हा पुसला.

"हे बघ बाळ," अध्यक्ष म्हणाले, "परिणाम होतो म्हटलं की नुकसानही होतं म्हणावं लागतं. मग कुलूप आलं. तुझ्याच सोयीनं सांगतोय."

"मग कुलूप राहू दे," ती म्हणाली आणि रडू येऊ नये म्हणून माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसली.

मी चोवीस वर्षांत नोंद झालेला शब्द कधी खोडला नाही. त्या दिवशी मी "कोणताही परिणाम होत नाही" यातल्या "कोणताही" आणि "नाही" वर रेघ मारली, "होत" चा "होतो" केला, समासात माझी आद्याक्षरं घातली, "सबब" तसाच ठेवला, आणि पुढे लिहिलं: "उदाहरणार्थ नमुना क्रमांक दोन, आणि नमुना क्रमांक नऊ, ज्याचा देणारा बावन्न वर्षांचा असून अद्याप गुणगुणतो."

वही अध्यक्षांपुढे ठेवली. त्यांनी वाचलं. पेन उचललं, खाली ठेवलं.

"असल्या वाक्यावर मी सही कशी करू?"

माझी बायको म्हणाली, "मग बाकीचे नमुने वाचूया की. चौथा वाचा ना. मला तो कुणाचा असेल याची फार उत्सुकता आहे."

अध्यक्षांनी सही केली. बाईंनी केली. काकांनी केली आणि खाली तारीखही घातली, जी कुणी मागितली नव्हती. किल्ली मुलीच्या हातात गेली. ती दारापर्यंत पोचली, परत आली, माझ्यासमोर थांबली.

"बाबा, तू खरंच आईला हे भरून दिलं होतंस?"

"पहिली ओळ मनात धरून दिलं होतं."

"पुढच्या वेळी मधलं ऐकून देत जा," ती म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेली. खालून लगेच कुलूप उघडल्याचा आणि पाठोपाठ चार जणींच्या बोलण्याचा आवाज आला.

घरी आल्यावर मी खुर्चीत बसलो. अब्रू गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून एक गोष्ट खुपत होती.

"तू तर ती कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली होतीस," मी म्हणालो. "तुला माहीत होतं नऊ नंबर कुणाचा ते."

"पहिल्या शब्दाला ओळखला."

"आणि तरी दहा गुण दिलेस?"

"तुम्ही विचारलंत, कोवळ्या वयात यानं किती नुकसान होतं," ती म्हणाली. "बाकीचे अंदाजानं देत होते. मी अनुभवानं दिले."